हवेचं कनेक्शन

सरोज गेल्याचं कळलं त्या दिवशी पंढरीनाथ देवस्थळी बायकोला आणायला लखनऊच्या अमौसी विमानतळावर उभे होते. ती पुण्याला भाचीच्या लग्नाला गेली होती आणि वाटेत एक रात्र दिल्लीला भावाकडे राहून परतत होती. जन्म रेल्वेत, पुलांच्या खात्यात काढलेल्या माणसाला विमानाला उशीर झाला की आतून बरं वाटतं. त्या दिवशी मात्र विमान वेळेवर उतरलं, माणसं सामान ढकलत बाहेर आली, आणि त्यांत सरोज नव्हती. पंढरीनाथ भांडायच्या तयारीने चौकशीच्या खिडकीकडे निघाले, तेवढ्यात शेजारचे गजेंद्र सक्सेना दारातून आत आले. स्कूटरवरून आले होते आणि पायांत घरातल्या चपला होत्या. गजेंद्रबाबू म्हणजे झोपेतही सल्ला देतील असा माणूस. अख्ख्या इंदिरानगरात त्यांना गप्प राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते समोर येऊन उभे राहिले, पंढरीनाथांचा हात धरला आणि काहीच बोलले नाहीत. त्यावरूनच कळलं. दिल्लीहून सरोजच्या भावाचा फोन सक्सेनांच्या घरी आला होता.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरात आता पंढरीनाथ होते आणि चेतना होती. चेतना त्यांची मुलगी, हजरतगंजात बँकेत नोकरी करणारी. तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर देते. लखनऊत वाढलेल्या मुलांचं तसंच असतं. वडील काळजी मराठीत करतात आणि मुलं ती हिंदीत फेटाळतात.

सरोज वास्तुकला शिकवायची. शेवटची काही वर्षं ती फैजाबाद रोडला, चिनहटच्या पुढे निघणाऱ्या एका नव्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचे नकाशे काढत होती. महिन्याभराने विद्यापीठाचा माणूस आला, खाली मान घालून बसला, चहा प्यायला आणि म्हणाला की बांधकाम समितीची बैठक आहे, मॅडमकडचे नकाशे कुणीतरी आणून दिले तर बरं होईल. पंढरीनाथ नकाशांच्या गुंडाळ्या स्कूटरला बांधून गेले. फक्त द्यायचे आणि परत यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढे जे झालं त्याला ते स्वतः जबाबदार नाहीत असं त्यांचं आजही मत आहे.

समितीचे मुख्य अभियंता त्रिवेदी साहेब. सभ्य माणूस, बोलायला अत्यंत गोड. त्यांनी उभं राहून मॅडमविषयी चार चांगले शब्द काढले, सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं, मग खाली बसून चष्मा लावला आणि नकाशावर बोट ठेवलं.

"अब ये जो ज़मीन के नीचे टनल है, लेक्चर हॉल में हवा लाने वाली, इसको हम हटा रहे हैं. उसकी जगह एसी. बाहर की हवा का टावर भी हटेगा, और ये जालियाँ बंद करनी पड़ेंगी, वरना एसी की ठंडक निकल जाएगी."

"मैडम ने तो एसी के बग़ैर ही सोचा था," पंढरीनाथ म्हणाले.

"मैडम का हम सब बहुत आदर करते हैं, देव साहब." देवस्थळी हे आडनाव लखनऊने पहिल्याच वर्षी अर्धं तोडून घेतलं होतं. "लेकिन पाइप में घुमाने से हवा ठंडी होती, तो बिजली विभाग कब का बंद हो गया होता."

समिती हसली. वाईट हेतूने नाही. बैठकीत वरिष्ठ काही बोलले की हसतात, तसं. पण अजून मॅडमसाठी उभं राहिलेल्यांच्या खुर्च्या नीट सरकवून झाल्या नव्हत्या. पंढरीनाथांच्या कानामागे काहीतरी तापलं.

"जून में मेरे घर आइए," ते म्हणाले. "पूरी कमेटी. ठंडी करके दिखाता हूँ."

त्रिवेदी साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, आणि या माणसाची बायको नुकतीच गेली आहे हे आठवून मोठ्या मनाने म्हणाले, "ठीक है. जून तक टनल काग़ज़ पर रहने देते हैं. नहीं चली, तो काट देंगे."

घरी येताना चिनहटच्या चौकात पंढरीनाथांच्या लक्षात आलं की हवा थंड कशी करायची हे आपल्याला माहीतच नाही.

त्यांनी नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले. आधी फक्त बोगद्यापुरतं बघणार होते. आठवडा गेला तरी उठले नाहीत. पुलाचे नकाशे त्यांनी हजारो पाहिले होते. पुलात प्रत्येक भागाला एक काम असतं. तो तेवढंच करतो आणि रिटायर होतो. सरोजच्या इमारतीत एकही भाग एका कामावर समाधानी नव्हता. भिंतीतल्या विटा आडव्या न ठेवता उभ्या रचल्या होत्या आणि मध्ये पोकळी सोडली होती. त्याने विटाही कमी लागत होत्या आणि ऊनही आत पोहोचत नव्हतं. दोन बाजूंना वर्गांच्या दोन लांब रांगा होत्या, मध्ये चौक. चौक उजेड देत होता आणि पोटात पावसाचं पाणी साठवत होता. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला, म्हणजे जेठ, अर्थात ज्येष्ठ, महिन्याच्या सूर्याला ठोकायला भिंतच फारशी मिळू नये. दक्षिणेचा छज्जा इतकाच पुढे काढला होता की उन्हाळ्यात सावली पडावी आणि जानेवारीच्या धुक्यानंतर जे ऊन येतं ते मुलांच्या वहीपर्यंत पोहोचावं. आणि दोन्ही रांगांखाली एकेक बोगदा. बाहेरची हवा मनोऱ्यातून खाली उतरणार, ओल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, पडद्यातून जाणार, बारा महिने गारच राहणाऱ्या जमिनीतून फिरणार, वर्गात येणार आणि वरच्या झरोक्यांतून गरम होऊन निघून जाणार. पंखा नाही, मोटर नाही. वीज गेली तर वर्गाला कळणारसुद्धा नाही, आणि लखनऊत त्या काळी वीज येते कधी, एवढाच प्रश्न असायचा.

"चेतना, तुझी आई फार हुशार होती गं," पंढरीनाथ म्हणाले.

"बाबा, ये आपको अब पता चला?"

पंढरीनाथ पुन्हा नकाशावर वाकले. आधीपासून माहीत होतं. किती, ते आता कळलं.

घर कोपऱ्याच्या प्लॉटवर होतं आणि मागे बऱ्यापैकी मोकळी जागा होती. बेत साधा होता. मागे खोल चर खणायचा, त्यात सिमेंटचे पाइप तीन वळसे घालून पुरायचे, एका टोकाला हवेचं धुराडं, दुसरं टोक बैठकीच्या खोलीत. सरोजच्या बोगद्याची छोटी प्रत. पण रेल्वेच्या माणसाला छोटं काही बांधता येत नाही. घरात खुंटी ठोकायची असली तरी ती मालगाडीचा भार घेईल अशी ठोकायची, हे त्यांचं शिक्षण. त्यांनी मागवलेले पाइप दोन ठेल्यांवरून आले तेव्हा गल्लीतल्या मुलांनी त्यांतून आरपार रांगून पाहिलं आणि एक मूल मध्येच बसून राहिलं, कारण आत बरं वाटत होतं. हा खरं तर प्रयोगाचा पहिला यशस्वी निकाल होता. तो कुणी ध्यानात घेतला नाही.

खणायला सुरुवात झाली आणि इंदिरानगर कामाला लागलं. पहिल्या दिवशी बोअरिंग चाललंय असं ठरलं. तिसऱ्या दिवशी नवाबाच्या वेळचा माल सापडलाय अशी बातमी आली आणि कुंपणापाशी लोक नुसतेच फिरायला येऊ लागले. आठवड्याने खरा निकाल लागला. देव साहेब पत्नीची समाधी बांधतायत.

गजेंद्रबाबूंनी कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून खड्ड्यात डोकावून पाहिलं. "भाई साहब, दिल छोटा न कीजिएगा, लेकिन ताजमहल ऊपर की तरफ़ बनता है."

"टनल है, गजेंद्रबाबू. हवा के लिए."

"हवा तो ऊपर भी है."

गजेंद्रबाबू पुढे चराच्या खोलीबद्दल, मातीबद्दल, मजुरांबद्दल आणि पंढरीनाथांच्या रक्तदाबाबद्दल सल्ले देत राहिले. देता देता त्यांच्या कोपरांचा भार आणि चराची खोली यांचं कुठेतरी जमलं आणि दोन घरांमधली भिंत सावकाश, कुणालाही इजा न करता, खड्ड्यात झोपली. गजेंद्रबाबू वेळेवर मागे सरकले. भिंत गेल्यामुळे आता त्यांना फाटकातून यावं लागत नव्हतं. सल्ल्याला मोकळा रस्ता झाला. सकाळी दाढीचा साबण गालावर असतानाही ते येऊ लागले.

भिंत पडल्याची कुणीतरी तक्रार केली. मग नगर कार्यालयातून कनिष्ठ अभियंता आला. तरुण, गंभीर, काखेत छापील कागद. त्याला फार काही नको होतं. हा पाइप कशात मोडतो तेवढं लिहायचं होतं.

"पानी का है?"

"नहीं."

"सीवर?"

"नहीं."

"केबल डालेंगे?"

"नहीं. इसमें हवा बहेगी."

अभियंत्याने पेन थांबवलं. "हवा का कनेक्शन किस विभाग से लिया?"

"हवा का कनेक्शन नहीं लेना पड़ता, भाई."

"पाइप में डालेंगे तो लेना पड़ेगा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरी काळजी होती. त्याने सगळे रकाने पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. हवेला रकाना नव्हता. पंढरीनाथांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती, त्यामुळे त्यांना त्या मुलाची खरोखर दया आली. दोघे खड्ड्याच्या काठावर बसले, चेतनाने चहा आणला आणि शेवटी 'बिना पानी की नाली, निजी उपयोग' असं लिहायचं ठरलं. जाताना त्याने बजावलं की यात पाणी गेलं तर मात्र परवानगी रद्द होईल. जगात नाली तुंबल्याबद्दल नोटिसा जातात. पंढरीनाथांना मात्र नाली वाहिली तर नोटीस येणार होती.

आता राहिलं धुराडं. सरोजच्या नकाशात मनोऱ्याचं तोंड पश्चिमेला होतं. बाण स्पष्ट होता. पंढरीनाथ त्या बाणाकडे पाहत बसले आणि त्यांना हसू आलं. सरोजला डावं-उजवं कधीच कळलं नाही. स्कूटरवर मागे बसून ती "अहो, उजवीकडे, उजवीकडे" म्हणायची आणि हात मात्र डावीकडे दाखवायची. ही तसलीच चूक. कारण लखनऊत उन्हाळ्यात पश्चिमेला तोंड करून कुणी बसतसुद्धा नाही. पश्चिमेकडून पछुआ येतो, म्हणजे लू, म्हणजे भट्टीचं दार. जेठ लागला की लोक पश्चिमेच्या खिडक्यांना रजया बांधतात.

तरी त्यांनी मत घ्यायचं ठरवलं. बँकेतून रिटायर झालेले दिनकर पेठे रविवारी आले होते. लखनऊतल्या मराठी मंडळींच्या गणपतीचे ते कायमचे खजिनदार, सावध माणूस.

"पश्चिमेला? पंढरीनाथ, लू घरात घेणार? वहिनींच्या हातून चुकलं असेल हो. माणूस आहे."

"भाई साहब, पेठे जी सोलह आने ठीक कह रहे हैं," गजेंद्रबाबू पडलेल्या भिंतीवरून येत म्हणाले. "मुँह पूरब को रखिए. पुरवा चलेगी तो आत्मा तृप्त हो जाएगी."

"पण आईने पश्चिमेला काढलंय," चेतना एकदम मराठीत म्हणाली. ती मराठीत बोलली की प्रकरण गंभीर असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तीन प्रौढ पुरुषांचं एकमत झालेलं होतं. पंढरीनाथांनी नकाशा दुरुस्त केला. तोंड पूर्वेला केलं. आणि रेल्वेच्या पद्धतीप्रमाणे ते नुसतं बसवलं नाही, तर लोखंडी चौकटीत जखडून काँक्रीट ओतून कायम केलं.

मे उजाडला. खोलीत पाइपाच्या तोंडाशी पंढरीनाथ तापमापक घेऊन बसले. खोली बाहेरच्यापेक्षा जास्त तापली. तीन दिवस हेच. खसच्या पडद्यावर पाणी मारलं, तरी तेच. त्यांनी पाइपाच्या तोंडाशी हात धरला, हवा येत नव्हती. चेतना सकाळी बँकेत जाताना खोलीतून ओढणीने वारा घेत जायची. तो आवाज त्यांना जास्त लागायचा. दिनकरराव म्हणाले, "कूलर लावा आणि पडदा टाका, समितीला काय कळतंय." पंढरीनाथ त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आणि मग प्रतिमा भाभींनी, म्हणजे गजेंद्रबाबूंच्या पत्नीने, ती गोष्ट पाहिली. भर दुपारी, अंगणात चिटपाखरू नसताना, धुराड्याच्या तोंडातून धूर निघत होता. साधा नव्हे, सुगंधी. चंदनाचा. भाभी हात जोडून उभ्या राहिल्या. आधी त्यांनी दोघी मैत्रिणींना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला. ताजमहालाचा प्रश्न सुटला होता. ही देवीची जागा होती. दुसऱ्या दिवशी धुराड्याच्या बुडाशी झेंडूची फुलं होती, तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. एका बाईने दिराची बदली चिनहटला व्हावी म्हणून नवस बोलला. ती बदली पुढे झाली, हे त्यातलं सगळ्यात वाईट, कारण पुढे कितीही समजावलं तरी तिला ते पटवणं अशक्य झालं.

पंढरीनाथ संतापून बाहेर आले. हातात तापमापक, अंगात बनियन. "ये समाधि नहीं है! ये टनल है! घर जाइए सब!"

"देव भाई साहब," प्रतिमा भाभी हळूच म्हणाल्या, "धुआँ फिर कहाँ से आ रहा है? हमने तो कुछ जलाया नहीं."

खरंच, धूर कुठून येत होता? सरोजच्या फोटोपुढे खोलीत त्यांनी स्वतः दुपारी उदबत्ती लावली होती. फोटो पाइपाच्या तोंडाशेजारच्या टेबलावर होता. म्हणजे तो धूर खोलीतून पाइपात शिरून, जमिनीखालचे तिन्ही वळसे घेऊन, बाहेर येत होता.

गाडी उलटी धावत होती.

ते तिथेच, नारळाच्या करवंट्यांमध्ये, मटकन खाली बसले. बायकांना वाटलं भक्ती दाटून आली. डोक्यात सगळं एकदम जागेवर बसत होतं. वारा येतो पश्चिमेकडून. धुराड्याची त्याच्याकडे पाठ. पाठ दिली की वारा आत शिरत नाही, उलट आतलं ओढून घेतो. पश्चिमेच्या खिडक्यांच्या फटींतून लू घरात येत होती, खोली भाजून काढत होती आणि बोगद्यातून आरामात बाहेर जात होती. पंढरीनाथांनी स्वतः, चौतीस वर्षांच्या अनुभवाने, काँक्रीट ओतून, घर तापवायचं यंत्र बांधलं होतं. आणि पूर्वेकडून वारा यायचा तेव्हा तो ओला, ढगाळ. त्याने ओला पडदा काय गार होणार? गार करायला लू लागते. कोरडी, कडक, पळणारी लू. जिच्यासाठी सगळं लखनऊ रजया बांधतं तिलाच सरोजने दार उघडून कामाला लावलं होतं.

आणि त्यांना आठवलं की स्कूटरवर सरोजचे शब्द चुकायचे. हात कधीच चुकला नव्हता. दर वेळी आपण हात बघून वळायचो.

"चेतना," त्यांनी आत हाक मारली, "छिन्नी कुठे आहे गं?"

धुराड्याचं ते तोंड फोडायला दोन माणसांना दोन दिवस लागले. एक जण घाम पुसत म्हणाला, "साहब, ये बनाया किसने है? रेल आएगी क्या इस पर?" पंढरीनाथांनी उत्तर दिलं नाही. धुराडं पश्चिमेला वळलं. संध्याकाळी पंढरीनाथांनी पाइपाच्या तोंडाशी हात धरला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. चेतना शेजारी आली. तिनेही हात धरला. आतून गार हवा येत होती.

"आईची हवा," चेतना म्हणाली.

एकच अडचण उरली. पश्चिमेला सक्सेनांचं घर, आणि धुराड्याचं नवं तोंड बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आता खोलीत हवा गार यायची, पण तिच्याबरोबर प्रतिमा भाभींच्या कबाबांची बातमीही यायची. रविवारी तर खोलीत बसून भूकच लागायची. त्रिवेदी साहेब कांदासुद्धा न खाणारे. पंढरीनाथ अवघडून गजेंद्रबाबूंकडे गेले.

"बस इतनी सी बात?" गजेंद्रबाबू म्हणाले. "उस दिन हमारे यहाँ चूल्हा नहीं जलेगा. सरोज भाभी की टनल है, कोई मज़ाक़ है?"

"पूरा दिन भूखे रहेंगे?"

"आपके यहाँ खा लेंगे न. दीवार तो है नहीं बीच में."

जूनची ती दुपार अशी होती की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. समिती आली, चार माणसं, डोक्याला ओले टॉवेल. अंगणातल्या झेंडूकडे त्यांनी पाहिलं आणि सभ्यपणे काही विचारलं नाही. समिती बैठकीच्या खोलीत बसली आणि अर्थातच त्याच वेळी वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. पंढरीनाथांनी रेल्वेत मंत्र्यांना पूल दाखवले होते, तेव्हा त्यांचं तोंड असं कोरडं पडलं नव्हतं. हे फसलं की लेक्चर हॉलची जाळी बंद होणार, मनोरा जाणार, आणि सरोजची इमारत चार भिंतींचा एक डबा होऊन राहणार. तिच्या नावाची पाटी डब्यावर लागणार.

त्यांनी भाषण तयार केलं होतं. तापमानाचा तक्ता केला होता. चेतनाने कैरीचं पन्हं दिलं. त्रिवेदी साहेब पाइपासमोरच्या खुर्चीत बसले, ग्लास खाली ठेवला, टॉवेल डोक्यावरून काढून मांडीवर घेतला. "हाँ देव साहब, समझाइए."

पंढरीनाथांनी समजावायला सुरुवात केली. पोकळ भिंत, छज्जा, जमिनीचं तापमान. दोन वाक्यं झाली असतील. एक सूक्ष्म, लयीत चालणारा आवाज आला. त्यांनी मान वर केली. त्रिवेदी साहेबांचं डोकं मागे टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. त्यांच्या डावीकडचे सदस्यही हनुवटी छातीवर टेकून गेले होते. तिसरे चष्मा हातात धरून झोपले होते. चौथे जागे होते, पण कसेबसे.

पंढरीनाथांचा चेहरा पडला. एवढी तयारी! त्यांनी तक्ता गुंडाळला. दारात गजेंद्रबाबू उपाशीपोटी उभे होते. ते तोंडावर बोट ठेवून, डोळे मोठे करून इशारे करत होते. पंढरीनाथांना काही कळेना. शेवटी चेतनाच त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, पंखा बंद है. लाइट नहीं है. जून है. और ये सो रहे हैं."

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. ते खुर्चीवर बसले आणि समितीला झोपू दिलं. घरात कुणी पाऊलही वाजवलं नाही.

त्रिवेदी साहेब जागे झाले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, टॉवेल चाचपला.

"बिजली आ गई थी क्या?"

"नहीं, साहब," पंढरीनाथ म्हणाले. "अभी भी नहीं है."

त्रिवेदी साहेबांनी वर थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून पाइपाच्या तोंडाशी हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"टावर का मुँह मैडम ने पश्चिम में रखा है," ते म्हणाले. "मैं समझ रहा था ड्राफ़्ट्समैन की ग़लती है. ठीक कराने वाला था."

"मैंने ठीक किया था," पंढरीनाथ म्हणाले. "फिर तुड़वाना पड़ा."

त्रिवेदी साहेब पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. मग गंभीर झाले. "हम लोग काग़ज़ पर क्या-क्या ठीक करते रहते हैं," ते म्हणाले. उठताना त्यांनी सरोजच्या फोटोला नमस्कार केला. बैठकीत दोन मिनिटं उभे राहिले होते तसा नव्हता तो. "टनल रहेगी, देव साहब. जालियाँ भी. लेकिन एक शर्त है. बनाते समय आप साइट पर आएँगे."

समिती गेल्यावर गजेंद्रबाबूंनी चार थालीपीठं खाल्ली आणि पाचवं मागताना सांगितलं की बोगदा आणखी दोन फूट खोल हवा होता.

आता दर सोमवारी आणि शुक्रवारी पंढरीनाथ स्कूटरवरून चिनहटच्या पुढे जातात. ठेकेदार त्यांना लांबून ओळखतो आणि विटा उभ्या लावून घेतो, कारण आडवी वीट दिसली की देव साहेब ती हाताने काढतात. कनिष्ठ अभियंत्याची बदली झाली. जाताना तो एकदा साइटवर येऊन गेला आणि हवेला रकाना मिळाला का म्हणून पंढरीनाथांनी त्याला विचारलं. अजून नाही. घराची भिंत पुन्हा बांधायचं दोन्ही घरांत कुणी मनावर घेतलेलं नाही.

वर्गांची दक्षिणेची रांग उभी राहिली आहे. मागच्या मे महिन्यात तिथे पहिल्यांदा मुलं बसली. पंढरीनाथ मागच्या बाकावर जाऊन बसले होते. वीज गेली, पण शिकवणाऱ्या बाई थांबल्या नाहीत, कारण त्यांना ते कळलंच नाही. पायांपाशी जाळीतून हवा येत होती. भिंतीवर हात ठेवला तर गार लागत होती. मुलं लिहीत होती. पंढरीनाथांनी आयुष्यात पुष्कळ पूल बांधले, आणि ते सगळे आजही उभे आहेत, पण त्यांतल्या एकावरही असं बसून राहावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

उत्तरेच्या रांगेचा पाया आखून झाला आहे. तिकडचा बोगदा अजून खणायचा आहे.